काटकसरीचा पहिला दिवस

कापडाच्या कारखान्यातले लूम आता आठवड्यातून तीनच दिवस चालणार, असं शेठने सांगितल्यापासून देवेश घरी बसून मोबाइलवर काटकसरीचे व्हिडिओ बघत होता. आज दुपारच्या चहाबरोबर त्याने बायकोची शिकवणीच सुरू केली.

"साबणाचे उरलेले तुकडे फेकायचे नाहीत. नव्या वडीला चिकटवायचे."

उन्नतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बारा वर्षं हा माणूस तिने चिकटवलेल्या तुकड्यांनीच अंघोळ करत होता. टूथपेस्टची नळी कापून आतली पेस्ट काढायची, म्हणाला. तिने कापून ठेवलेल्या नळीतच तर त्याने सकाळी ब्रश फिरवला होता. निजामपुऱ्याच्या बाजारात चालत जायचं, असंही सांगून झालं. आपण रिक्षात शेवटचं कधी बसलो, हे उन्नतीला आठवेना.

"चहात मात्र काटकसर नको हां," कप खाली ठेवत देवेश म्हणाला. "दुपारी असा कडक चहा लागतोच माणसाला."

उन्नतीने रिकामा कप उचलला.

"सकाळच्याच चोथ्याचा होता तो," ती म्हणाली. "दिवाळीपासून दुपारी तोच उकळून देते तुम्हाला."