विनंती करणारा डबा

मित्रांनो, मी एक जुना, रेडिओसारखा बोलणारा सूचना-डबा आहे, आणि तीन वर्षांपूर्वी ऐन सूचना देताना माझ्या तोंडावर बाळाचं दुपटं पडलं होतं.

दुपटं टाकलं ह्या घरच्या होनामीने. तिला मी दोष देत नाही. तिची लेक इतोहा तेव्हा चार महिन्यांची होती आणि तासभर रडून नुकती झोपली होती. मी म्हणत होतो, "नदीकाठच्या रहिवाशांनी कृपया सावध राहावे, ही नम्र विनंती." होनामी पुटपुटली, "रोजचंच आहे ह्याचं." त्या दुपारी पाणी जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत चढलं. बाळाला छातीशी धरून ती वरच्या मजल्यावर सहा तास बसून होती. शेवटी होडी आली. माझी फळी उंचावर, म्हणून मीही वाचलो.

माझा जन्म कारखान्यातला. अंग साईच्या रंगाचं, पाठीला एक तार, पोटात दोन बॅटऱ्या. कामिझोए गावात नगर कचेरीने घरोघरी माझी भावंडं वाटली आणि मी ह्या घराच्या वाट्याला आलो. मला स्वतःचा आवाज नाही. मी बोलतो तो आवाज कचेरीतल्या मोरिवाकींचा. ते एक वाक्य म्हणतात, श्वासभर थांबतात, मग पुढचं म्हणतात. बाहेर खांबांवरही कर्णे आहेत आणि समोरचा डोंगर प्रत्येक शब्द परत पाठवतो, म्हणून असं थांबावं लागतं. रोज संध्याकाळी पाच वाजता मी एक धून वाजवतो. मुलं खेळ सोडून घरी पळतात. मी नीट चालतोय की नाही, ह्याची ती खरं तर तपासणी असते. एरवी माझ्या सूचना साध्याच. अस्वल दिसलं. पाणी बंद राहील. रविवारी गवत कापायला यावे. मोरिवाकी हे सगळं इतक्या अदबीने सांगतात, की अस्वलालाही संकोच वाटावा.

पुराच्या त्या दिवसानंतर होनामी बदलली. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ती माझं पोट उघडून बॅटऱ्या बघते. धूळ पुसते. आभाळ स्वच्छ असलं तरी हवामान खात्याचा अंदाज दोनदा वाचते. तिच्या सासूबाई फोनवर हसतात, "अगं, तू ढगांशीच लग्न केलंस की काय?" ती म्हणते, "तुमचा मुलगा परगावी असतो. सोबत कुणीतरी हवं ना?"

गेल्या सप्टेंबरातली गोष्ट. दुपारचा एक वाजला होता आणि लख्ख ऊन पडलं होतं. पाऊस सगळा वरच्या डोंगरात कोसळत होता. अंदाज असा होता, की तीन तासांत नदी बांधावरून येईल. मी बोललो, "चौथ्या पातळीचा इशारा देण्यात येत आहे. सर्व रहिवाशांनी कृपया शाळेत जावे, ही नम्र विनंती." मित्रांनो, पाचवी पातळीही असते, पण तिची वाट बघायची नसते. पाचवी म्हणजे पाणी दारात आलेलंच.

होनामीने इतोहाला पाठीशी बांधलं, मला काखेत मारलं आणि निघाली ती थेट शेजारच्या त्सुरुनो आजींकडे. आजी शहाऐंशी वर्षांच्या, एकट्या, कानाने कमी. त्यांच्या घरातला माझा भाऊ पाझरलेल्या बॅटऱ्यांमुळे कधीच मुका झाला होता.

मला आजींच्या कानाशी धरून, माझं बटण दाबून होनामीने तीच सूचना पुन्हा ऐकवली.

"ऐकलं गं," आजी म्हणाल्या. "विनंती म्हणतोय तो. नाही म्हणता येतं, म्हणून तर विनंती. खरंच धोका असता तर सांगितलं नसतं का स्पष्ट?"

"आजी, नदी बघा कशी गढूळ झाली आहे."

"आणि माझी चादर बघ कशी वाळली आहे. शाळेत दर तासाला उठणार मी, लोकांच्या अंगावरून लघवीला जाणार. कशाला उगाच सगळ्यांना त्रास? तू जा, पोर घेऊन जा."

होनामी गेली नाही. पाठीवर लेक, समोर आजी. तिने कचेरीत फोन लावला.

"मोरिवाकी-सान, त्सुरुनो आजी निघत नाहीत. म्हणतात, तुम्ही फक्त विनंती करताय."

"मजकूर ठरलेला असतो, होनामी-सान. वडीलधाऱ्यांना हुकूम कसा सोडणार?"

"मग वडीलधारे पाण्यात बसलेले चालतील तुम्हाला?"

ते म्हणाले, "फोन ठेवा."

आणि मी बोललो. आवाज तोच, पण असा मी कधीच बोललो नव्हतो.

"मोरिवाकी बोलतोय. निघा. सामान राहू द्या. नदीकाठची सगळी घरं, आत्ता निघा. निघा."

डोंगराने तेच परत पाठवलं. निघा, निघा.

आजी माझ्याकडे बघतच राहिल्या. "लहानपणी माझ्या झाडाची काकी फळं चोरताना ह्या मोरिवाकीला मी धरला होता, तेव्हासुद्धा 'माफ करा' म्हणत पळाला होता. आणि आज माझ्यावर ओरडतो?" मग त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "घाबरलाय पोरगा. चल."

दारातून मात्र परत फिरल्या, उमेबोशीची, म्हणजे खारवलेल्या आंबट फळांची, बरणी घ्यायला. शाळेत रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणे.

साडेतीनला बांध फुटला. आजींचं घर वळचणीपर्यंत बुडालं.

संध्याकाळी मोरिवाकी शाळेत आले आणि प्रत्येक म्हाताऱ्या माणसापुढे वाकून उद्धटपणाची माफी मागू लागले. आजींनी त्यांच्या तळहातावर खारट उमेबोशी ठेवली. "माफी पुरे. पुढच्या वेळीही असाच ओरड."

आता माझ्या अंगाचा रंग पिवळट झाला आहे. लोकांच्या खिशात फोन आले आहेत. त्याचं मला वाईट वाटत नाही. माझ्यासारखं जे काही तुमच्या घरी असेल, त्याच्या बॅटऱ्या तेवढ्या बघत जा. पण मित्रांनो, मला पाय नाहीत. मी कितीही ओरडलो तरी कुणाच्या दारात जाऊन उभा राहू शकत नाही. तुमच्या गल्लीत एकटं राहणारं, कमी ऐकू येणारं कोण आहे? आज, ऊन असतानाच, त्यांच्याकडे जाऊन या. सूचना आली तर तुम्हाला कशी कळते, हे विचारा. आणि कळली तर निघाल ना, हेही विचारा.