होस्टेज म्हणजे ओलीस

मित्रांनो, मी एक जुना टीव्ही. सध्या माझा मुक्काम धुळ्यातल्या एका खोलीत, शिलाई मशीनच्या शेजारी आहे. उजव्या कोपऱ्यात माझा पडदा काळा पडलाय. पण तुम्हांला सांगायची आहे ती हकिगत पारोळ्याची.

मेघाच्या लग्नात तिच्या भावाने, रुपचंदने, मला आंदण म्हणून दिलं. तेव्हा मी नवाकोरा होतो. गल्लीतल्या बायका मला बघायला यायच्या. मेघाचा नवरा प्रेमराज बाजार समितीत मापाडी होता. माझ्यावरची धूळ तो स्वतः पुसायचा, दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचा नाही. पुढे भाविका झाली, शाळेत जाऊ लागली आणि त्याच सुमारास घराचा रंग बदलला. मेघा एकदा न विचारता भावाकडे जाऊन आली, एवढंच निमित्त झालं. प्रेमराजने तिचा फोन काढून घेतला. कामावर जाताना तो बाहेरून कुलूप लावू लागला. किल्ली त्याच्या आईच्या, पुष्पाबाईंच्या, कमरेला असायची आणि त्या दिवसभर ओट्यावर बसून असायच्या.

मुलीचं इंग्रजी सुधारावं म्हणून इंग्रजी मालिका लावायला मात्र मुभा होती. संध्याकाळी पोलिसांची एक मालिका लागायची. एखाद्या इमारतीत माणसं अडकलेली, बाहेर पोलीस, दाराआड बंदूक घेतलेला माणूस. बोललेलं प्रत्येक वाक्य खाली इंग्रजीत उमटायचं. मेघा बारावी शिकलेली होती. ती अर्थ सांगायची आणि भाविका घोकायची. ट्रॅप्ड म्हणजे अडकलेला. बॅकअप म्हणजे मदतीला येणारी कुमक. पुस्तकातले शब्द भाविका विसरायची. पण जीव मुठीत धरून ऐकलेला शब्द तिच्या डोक्यातून जात नसे.

प्रेमराज चिडला की माझा आवाज वाढवायचा आणि मेघाला आत स्वयंपाकघरात न्यायचा. आवाज कशासाठी वाढवला, ते मला कळायचं. भाविका माझ्यासमोर बसून खाली येणारं वाक्य न् वाक्य मोठ्याने वाचत राहायची, आतलं कानावर पडू नये म्हणून. त्या वेळी आपण बंद पडावं असं मला फार वाटे. पण बंद पडणं माझ्या हातात नव्हतं.

एकदा तिने विचारलं, "आई, होस्टेज म्हणजे?"

"ओलीस. ज्याला कोंडून ठेवलंय, बाहेर जाता येत नाही, असा माणूस."

भाविका दाराकडे बघत राहिली. मेघाने रिमोट उचलून उगाचच चॅनल बदललं.

पुढचं मला मायलेकींच्या बोलण्यातून समजलं. शाळेत हेमलता मॅडमनी प्रत्येकाला आईविषयी एक इंग्रजी वाक्य करायला सांगितलं होतं. कोणाची आई स्वयंपाक करत होती, कोणाची शेतात जात होती. भाविका म्हणाली, "माय मदर इज होस्टेज." वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. शाळा सुटल्यावर त्या तिच्यासोबत घरी आल्या.

पुष्पाबाईंनी कुलूप काढलं नाही. "तिनी तब्येत बरी नही," त्या म्हणाल्या. "झोपेल शे ती."

पण मेघा माझ्या शेजारच्या खिडकीशी येऊन उभी राहिली होती. गजांपलीकडून मॅडमनी तिच्या गालावरचा काळानिळा डाग पाहिला. मग मार्कांची चौकशी करावी तशा हसऱ्या चेहऱ्याने त्यांनी विचारलं, "आर यू सेफ?"

मेघाने सासूकडे पाहिलं. तिने माझी कड घट्ट धरली होती.

"नो," ती म्हणाली. "वुई आर ट्रॅप्ड. प्लीज सेंड हेल्प."

"काय म्हनस ती?" पुष्पाबाईंनी नातीला विचारलं.

"मन्हा अभ्यासनं बोली ऱ्हायन्यात," दोघी आपल्या अभ्यासाचंच बोलताहेत, अशी थाप भाविकाने मारली.

दुसऱ्या दिवशी पोलीस आले. ना सायरन, ना बंदुका. एक महिला हवालदार, एक शिपाई, मागे मॅडम आणि त्यांनी बोलावून घेतलेला रुपचंद. किल्ली काढून देताना पुष्पाबाईंना कमरेची गाठ सुटेना. मेघाने एका पिशवीत कपडे आणि मुलीची पुस्तकं भरली. प्रेमराज बाजारातून धावत आला. आधी ओरडला, मग हात जोडू लागला. भाविकाचा हात धरून मेघा ओटा उतरली. पुढे काही दिवसांनी रुपचंद राहिलेलं सामान न्यायला आला, तेव्हा मीही धुळ्याला आलो.

मालिकेत दार उघडलं की गोष्ट संपायची. इथे ती संपलेली नाही. मेघा ब्लाउज शिवते आणि कोर्टाच्या तारखांना जाते. मध्यंतरी प्रेमराज गल्लीच्या तोंडाशी उभा दिसला, त्या दिवशी भाविका शाळेत गेली नाही. रात्रीही ती आईचा पदर मुठीत धरूनच झोपली.

मित्रांनो, माझा पडदा आता फार टिकणार नाही. त्याचं मला काही वाटत नाही. माझं मागणं एवढंच आहे. तुमच्या वर्गातली एखादी मुलगी घराविषयी एखादा भलताच शब्द बोलली, तर तिला हसू नका. तुमच्या बाईंना जाऊन सांगा. त्या शब्दाचा अर्थ तिला तुमच्यापेक्षा नीट ठाऊक असेल.