घरातले दहा मीटर

सरांना आयुष्यात पहिल्यांदा दहापैकी दहा मिळाले, ते वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, शाळेच्या मैदानावर. नेमबाजीचं प्रात्यक्षिक होतं. मुलांची हौस फिटली आणि पीटीच्या शिक्षकांनी गंमत म्हणून स्टाफला पुढे ढकललं. सर भूमिती शिकवायचे. मुलं त्यांना पाठीमागे ‘कोनमापक’ म्हणायची आणि समोर काहीच म्हणायची नाहीत. त्यांनी छर्ऱ्याचं पिस्तूल उचललं, एक डोळा मिटला, आणि छर्रा कागदावरच्या काळ्या गोलाच्या बरोब्बर मध्यावर गेला. पुढचे छर्रे कुठे गेले ते कोणी पाहिलं नाही. सरांनी तर मुळीच नाही.

शिक्षकांच्या क्रीडास्पर्धा तोंडावर होत्या. त्यात नेमबाजीचा प्रकार होता, आणि ठरावीक गुण मिळवले तर विभागाच्या संघात जागा मिळत होती. संघाला निळा कोट असतो, त्याच्या खिशावर बिल्ला शिवलेला असतो. सरांना तो कोट हवा होता. हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही, पण बायकोला कळलं, कारण ते आरशासमोर पोट आत घेऊन उभे राहायला लागले होते.

पिस्तूल त्यांनी जुनं घेतलं. प्रश्न होता सरावाला जागा कुठे आणि कितीला, याचा. पहिल्या क्लबात हिरवळ होती आणि हिरवळीच्या कडेला एक बाई बसल्या होत्या. त्यांनी सरांना फी सांगायच्या आधी, तुम्हाला इथे कोण ओळखतं, असं विचारलं. सर परत फिरले. दुसरी रेंज एका इमारतीच्या तळघरात होती आणि तिथे नंबर लागेपर्यंत सर निवृत्त झाले असते. तिसरी जागा एका टायरवाल्याच्या दुकानामागची शेड निघाली. तिथे जुन्या गादीला कागद टाचले होते, आणि दर दोन छर्ऱ्यांमध्ये कोणीतरी स्कूटर घेऊन हवा भरायला यायचं. टायरवाला म्हणाला, पिस्तुलातली हवा संपली तर तीही भरून देतो, इथे सगळ्याला एकच कॉम्प्रेसर आहे.

शेवटी मिळाला तो एका निवृत्त फौजी कोचचा लहानसा क्लब. जागा स्वच्छ, माणूस सरळ, फी वाजवी. पण वाजवी फीसुद्धा रोजच्या रोज सरांच्या पगाराला झेपणारी नव्हती. आठवड्यातून एकदा जायचं म्हटलं तर जमत होतं, आणि आठवड्यातून एकदा जाऊन कोट मिळत नाही. कोच म्हणाला, एवढंच असेल तर घरी करा की सराव. छर्रे अडवायला जाड लोखंडी पेटी लावा, मागे पक्की भिंत ठेवा, आणि दहा मीटर सरळ जागा काढा. “पण शिस्त रेंजचीच,” तो म्हणाला. “पिस्तूल हातात असताना रेषेत कोणी येता कामा नये. आणि झालं की मोकळं आहे म्हणून सांगायचं. सांगायचं म्हणजे सांगायचंच.”

सर त्या दिवशी घरी आले ते सुतळी घेऊनच. फ्लॅट बेताचा होता. हॉल लांबीला अपुरा, पॅसेज त्याहून अपुरा. कोणताही सामान्य माणूस इथे हरला असता, पण सरांनी अर्धं आयुष्य मुलांना हे शिकवण्यात घालवलं होतं की आयतात सगळ्यांत लांब काय असतं तर कर्ण. स्वयंपाकघरात फ्रिजला पाठ लावून उभं राहिलं, तर रेषा हॉलमधून तिरकी जात आप्पांच्या खोलीच्या दारातून आत शिरत होती आणि थेट समोरच्या भिंतीला भिडत होती. दहा मीटर, वर थोडी जागा शिल्लक. सरांना इतका आनंद झाला की त्यांनी दोनदा मोजलं. अडचण एवढीच होती की त्या भिंतीला आप्पांच्या पलंगाचं डोकं होतं, आणि पलंगावर आप्पा.

आप्पा म्हणजे सरांचे वडील. आयुष्यभर सरकारी बस चालवली, कधी कुणाला खरचटलं नाही, कधी सिग्नल तोडला नाही. निवृत्तीला मिळालेली सगळी पुंजी त्यांनी या फ्लॅटमध्ये घातली आणि दारावरची पाटी मुलाच्या नावाने लावली. मुलगा शिक्षक आहे, पाटीला शोभतो, असं त्यांचं म्हणणं. आई गेल्यापासून ते त्या खोलीत असे राहत होते, जसा माणूस दुसऱ्याच्या गाडीत बसतो, कशाला हात न लावता.

सरांनी विषय काढताना बरीच प्रस्तावना केली. गॅलरीला काचा लावल्यात, तिथे उजेड चांगला येतो, सकाळचं ऊन मिळतं, डॉक्टरही म्हणतात वगैरे. आप्पांनी प्रस्तावना पुरी होऊ दिली नाही.

“तिथे हवा बरी आहे,” ते म्हणाले आणि उशी काखेत मारून उठलेसुद्धा.

पलंग गॅलरीत मावला, पण वॉशिंग मशीनमुळे आप्पांना पाय थोडे दुमडून झोपावं लागणार होतं. सरांची बायको एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करायची. संध्याकाळी ती आली, तिने गॅलरी पाहिली, आप्पांची रिकामी खोली पाहिली, तिथे भिंतीला लावलेली लोखंडी पेटी पाहिली. मग तिने नवऱ्याला विचारलं, की दहाऐवजी बारा मीटर लागले असते तर त्यांना कुठे ठेवलं असतं, जिन्यात का. सर म्हणाले, महिनाभराचा प्रश्न आहे. ती म्हणाली, तुमच्या घरात महिनाभराचे प्रश्न माझं लग्न झाल्यापासून चालू आहेत.

शिस्तीच्या बाबतीत मात्र सरांनी कसूर केली नाही. गॅलरीचं दार हॉलमध्ये उघडायचं, आणि संडास-बाथरूम हॉलच्या पलीकडच्या अंगाला होतं. म्हणजे आप्पांना तिकडे जायचं तर रेषा ओलांडणं भाग. सरांनी हॉलमध्ये एक लाल दिवा बसवला. दिवा लागलेला असला की नेमबाजी चालू, कोणी पाऊल टाकायचं नाही. विझला की मोकळं. आप्पांना ही व्यवस्था मनापासून आवडली. त्यांनी दिव्याची उंची जरा वाढवायला सुचवलं, ड्रायव्हरच्या नजरेला यायला हवा म्हणाले. घरात पहिल्यांदाच त्यांना समजेल अशी एखादी गोष्ट झाली होती.

आणि सरांचा नेम खरंच सुधारू लागला. कानांवर मोठे मफ चढवून ते फ्रिजला पाठ लावून उभे राहायचे, श्वास रोखायचे, आणि रात्री जेवताना कागदाची भोकं आप्पांपुढे पसरायचे. आप्पा चष्मा लावून भोकं बघायचे आणि म्हणायचे, वा, आज सगळे प्रवासी आतच बसलेत. सरांना बरं वाटायचं. आप्पा संध्याकाळचा चहा घेईनासे झालेत, हे बायकोच्या लक्षात आलं. तिने विचारलं तर ते म्हणाले, उगाच सारखं उठावं लागतं, त्याचा सराव मोडतो. तिने हे सरांच्या कानावर घातलं. सर म्हणाले, अगं, दोन मिनिटं थांबलं की दिवा विझतोच. हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं की त्यांना स्वतःला ते पटलं.

स्पर्धेच्या आदल्या रविवारी सरांनी कोचला घरी बोलावलं. उभं राहण्याची पद्धत बघा म्हणाले, पण खरं म्हणजे त्यांना रेंज दाखवायची होती. बायको लॅबमध्ये गेली होती. कोचने पेटी ठोकून पाहिली, भिंत पाहिली, दिवा पाहिला आणि मान डोलावली. “सर, पैसेवाल्यांच्या क्लबातही एवढा बंदोबस्त नाही,” तो म्हणाला. सर लाजले. मग त्यांनी दिवा लावला आणि छर्रे मारून दाखवले. चांगले गेले. कोचने खांदा थोडा खाली घ्यायला सांगितला, त्यांनी घेतला, आणखी चांगले गेले. सरांनी पिस्तूल रिकामं करून ओट्यावर ठेवलं, मफ गळ्यात ओढले आणि चहा टाकला.

चहाबरोबर ते बोलायला लागले. पकडीबद्दल बोलले, श्वासाबद्दल बोलले. कर्णाची कल्पना कशी सुचली ते त्यांनी ओट्यावर बोटाने आकृती काढून सांगितलं. पंच कसे असतात, कोट शिवून मिळतो की तयार, हेही आडून विचारून घेतलं. सरांची पाठ हॉलकडे होती. कोचचं तोंड हॉलकडे होतं. बोलता बोलता सरांना दिसलं की कोच आपल्याकडे बघत नाहीये, आणि त्याने कप खाली ठेवलाय.

“सर,” कोच हळू आवाजात म्हणाला, “तुम्ही मोकळं आहे म्हणून सांगितलंच नाही.”

सर वळले. गॅलरीच्या दारात आप्पा उभे होते. एक हात चौकटीवर, पाय उंबरठ्याच्या आत जुळवलेले. हॉलमध्ये लाल दिवा चालू होता. आप्पांचा पायजमा गुडघ्यांखालपर्यंत ओला झाला होता आणि पायांशी थोडं पाणी साठून उंबरठ्यावरून हॉलमध्ये येऊ लागलं होतं. ते त्याच्याकडे बघत नव्हते. ते दिव्याकडे बघत होते.

मग आप्पाच बोलले. सरांशी नाही, पाहुण्याशी.

“माफ करा हं,” ते म्हणाले. “दिवा लाल होता.”

सरांनी बटण बंद केलं. खरं तर आता त्याची गरज नव्हती. आप्पांनी मग, रस्ता मोकळा झाल्यावर, हॉल ओलांडला, भिंतीला धरून, पाहुण्याला पाठ न दाखवण्याची काळजी घेत. सर फडकं शोधू लागले. आपल्या घरात फरशी पुसायचं फडकं कुठे असतं ते त्यांना माहीत नव्हतं. कोचने उठून बाथरूमच्या दारामागून बादली आणली. फौजेत माणूस न विचारता अशा गोष्टी शोधायला शिकत असावा. सरांनी ती त्याच्या हातातून जवळजवळ हिसकावूनच घेतली. गुडघ्यांवर बसून फरशी पुसताना त्यांच्या गळ्यातले मफ पुन्हा पुन्हा पुढे येऊन जमिनीला टेकत होते, आणि ते काढायचे असतात हे त्यांना सुचत नव्हतं.

बूट घालताना कोच दारात घुटमळला. उद्यापासून सकाळी माझ्याकडेच या, म्हणाला, कडेची लेन रिकामी असते, फीचं काही बघू नका. म्हणजे इतके दिवस सर ज्या स्वस्त रेंजच्या शोधात होते ती अखेर मिळाली होती, आणि चक्क फुकट मिळाली होती. सरांनी मान हलवली, पण वर पाहिलं नाही. त्या माणसासमोर पुन्हा कधी हात सरळ धरून उभं राहता येणार नाही, हे त्यांना तेव्हाच कळलं होतं.

बायको यायच्या आत सरांनी पेटी काढली, दिवा काढला आणि पलंग परत खोलीत न्यायला घेतला. आप्पा धुतलेला पायजमा घालून हॉलमध्ये खुर्चीवर बसले होते. तोंडाने नको, कशाला, मला तिथे बरं आहे, असं चालू होतं. पण पलंग दाराच्या चौकटीत अडकला तेव्हा त्यांना राहवेना. “मागे घे,” ते म्हणाले. “अजून घे. आता डावीकडे काप. येऊ दे, येऊ दे, येऊ दे... बास.” पलंग भिंतीला टेकला. आप्पांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली, बसच्या पत्र्यावर मारतात तशी.

बायकोला सरांनी सगळं सांगितलं, कारण ती विचारणारच होती. सरांनी बोलणी खायची तयारी केली होती, ती वाया गेली. तिने फक्त चहा टाकला आणि आप्पांना नेऊन दिला, आणि ते पीत होते तोवर शेजारी बसून राहिली.

सर क्लबात गेले नाहीत. स्पर्धेलाही गेले नाहीत. कोचचा दोनदा फोन आला, दुसऱ्यांदा आप्पांनी घेतला. जेवताना ते म्हणाले, “फुकट शिकवतोय म्हणे. जात का नाहीस? माझ्यामुळे सोडलंस का?”

“नाही हो आप्पा,” सर म्हणाले. आणि घाईघाईत जे पहिलं सुचलं ते त्यांनी सांगून टाकलं. “खांदा दुखतो. डॉक्टर म्हणाले, पिस्तूल उचलायचं नाही.”

आप्पांचा चेहरा उजळला. आजवर मुलाचं जे जे दुखलं होतं ते त्यांच्या आवाक्याबाहेरचं होतं. खांदा मात्र त्यांच्या विषयातला होता. जन्मभर ते जड स्टिअरिंग ओढलं, खांद्याला काय लागतं हे मला विचार, म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते एकटे जाऊन स्वतःच्या पेन्शनमधून मलमाची ट्यूब घेऊन आले. संध्याकाळी चहा झाला की आता ते सरांना स्टुलावर बसवतात, शर्ट उतरवायला लावतात आणि उभं राहून खांदा चोळतात. मलम झोंबतं. दुखत काहीच नसतं.

बायको स्वयंपाकघरातून हे बघते. एकदा सरांनी तिला हळूच विचारलं, की बरा झाला म्हणून सांगून टाकू का. ती म्हणाली, सांगा की, कोण नको म्हणतंय.

त्या संध्याकाळी आप्पांचा हात जास्तच वेळ चालला. चोळता चोळता ते म्हणाले, “आता उतार पडला असेल. पडला असेल तर सांग बरं का. मी आज गॅलरी झाडून ठेवलीय. मला काय, कुठेही झोप लागते. तू आपलं सुरू कर.”

सर समोरच्या भिंतीकडे बघत बसले. आप्पांची बोटं खांद्यावर थांबली होती, उत्तराची वाट बघत.

“नाही आप्पा,” सर म्हणाले. “अजून दुखतोय.”

“कुठे? इथे?”

“जरा खाली,” सर म्हणाले. आप्पांनी हात जरा खाली घेतला आणि पुन्हा जोर लावला.