किडकं पान

आमच्या मुरुम गावच्या मळ्यातल्या बेलावर मी संशोधन करते. मूळ, साल आणि पान यांत कुठली प्रथिनं असतात आणि त्यांतलं कुठलं कोणतं कडू द्रव्य बनवतं, हे मला शोधायचंय. त्यासाठी अळीनं खाल्लेल्या पानांना मी लाल दोरे बांधून ठेवले होते. रविवारी नमुने घ्यायला गेले, तर झाडावर एकही किडकं पान दिसेना!

खाली माझी अव्वा, म्हणजे आई, उमाबाई, दोरे गुंडाळत उभी होती.

"तुझ्या अभ्यासाला किडकं कशाला, भुवी? सगळं खुडून टाकलं," ती खुशीत म्हणाली. महादेवाला ती भोकाचं पान कधी वाहत नाही, मग लेकीला कशी देईल?

मी भडकलेच. "अगं, तीच पानं पाहिजे होती! अळीनं खाल्लं की पानात नवी प्रथिनं तयार होतात, त्यांच्यामुळं कडू द्रव्य वाढतं, पार मुळापर्यंत फरक पडतो. झाड असंच झुंजतं!"

 दोऱ्यांचा गुंडा अव्वानं कनवटीला खोचला.

सोमवारी देवघरात गेले, तर पिंडीवर सगळ्या कोवळ्या बेलाच्या वर जाळी झालेलं एक पान.

"अव्वा, किडकं वाहिलंस?"

"व्हय. लई झगडलंय बिचारं," ती म्हणाली. "वरच्या फांदीला आणखी हायेत, काल नजरेतून सुटलेली. दोरे बांधलेत म्या."

मी डबा उचलून पळत सुटले.

"ए, आज सोमवार हाय!" ती मागून ओरडली. "सोमवारी बेल तोडत नसत्यात. उद्या खुड."