मुठीचे तांदूळ

गिरजाला प्रश्न विचारायची खोड लहानपणापासूनची. चिंचबोडीच्या तळ्याकाठी मासे धरणाऱ्या ढिवरांची मोजकी घरं होती, त्यांतलं पाण्याला लागून असलेलं घर तिच्या सासरचं. नवरा इस्तारी दिवसभर पाण्यात असायचा आणि बोलायचा कमी. गिरजा मात्र मासळीची टोपली डोक्यावर घेऊन गावात शिरली की टोपली रिकामी होईतो काही ना काही विचारून यायची. गोंडपिपरीच्या बाजारात आरसे विकणाऱ्याला तिनं एकदा विचारलं होतं, मागच्या बाजूनं काय फासता म्हणून यात तोंड दिसते? त्यानं कंटाळून एक फुटका आरसा तिच्या हातात दिला आणि खरवडून पाहा म्हणाला. तिनं घरी आणून तो खरोखरच खरवडला.

चांदा जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्याच सुमाराला ताराबाई गावात राहायला आल्या. कोळशाच्या खाणीवरच्या दवाखान्यात त्यांनी उभा जन्म नर्सचं काम केलं होतं. नवरा नव्हता, मूल नव्हतं, म्हणून नोकरी संपल्यावर त्या मनसारामकडे, आपल्या भावाकडे आल्या. मनसाराम गावातला मोठा धानवाला शेतकरी. त्याच्या पडवीत ताराबाईंनी एक बाज टाकली, भिंतीला फळी ठोकली, फळीवर बाटल्या मांडल्या आणि लोकांचे फोड, गळवं, हिवताप पाहायला सुरुवात केली.

पण बाटल्या महिनाभरात रिकाम्या झाल्या. मग ताराबाईंनी गावाला खाणीवरची रीत सांगितली. तिथं दर पगारातून मजुराचा थोडासा पैसा कापला जाई आणि त्यातून सगळ्यांच्या घरचं औषधपाणी निघे. इथं पगार कुणालाच नव्हता. म्हणून त्या म्हणाल्या, दर वेळी भात शिजवायच्या आधी एक मूठ तांदूळ बाजूला काढा आणि बाजाराच्या दिवशी पडवीत आणून टाका. ते विकून औषधं येतील, आणि कुणाला चांद्याला न्यायची वेळ आली तर मोटारीचं भाडंही त्यातूनच निघेल. मनसारामनं एक कणगी लिंपून दिली. प्रत्येक घरानं खुणेसाठी आपलं एक गाडगं पडवीत आणून ठेवलं. महिनाभर ज्याची मूठ आली नाही त्याचं गाडगं पालथं होईल आणि त्याला कणगीतून काही मिळणार नाही, हा नियमही गावच्या पंचांनी तेव्हाच ठरवला.

गिरजा गाडगं घेऊन गेली ती प्रश्न घेऊनच.

"मी बिमारच नाई पडली, तं माहे तांदूळ कुठी जातीन?"

"दुसऱ्या कोणाले लागतीन," ताराबाई म्हणाल्या.

"म्हणजे माह्या तांदळानं दुसऱ्याचा ताप उतरन?"

ताराबाई हसल्या आणि हो म्हणाल्या. गिरजाला ही गोष्ट फार नवलाची वाटली. घरी येऊन तिनं इस्तारीला सांगितली, तर तो जाळं शिवता शिवता म्हणाला की ज्यांच्या घरी धान पिकते त्यांनी मुठी काढाव्या, आपण मासोळी देऊन तांदूळ आणणारी माणसं. त्याचं खोटं नव्हतं. तळ्याकाठच्या कुणाचीच शेती नव्हती. तरी त्यानं तिला अडवलं नाही, आणि गिरजाची मूठ सुरू झाली.

पौषात गावातल्या पत्रूची बायको कमळा बाळंत झाली आणि तिचं रक्त थांबेना. पत्रूनं बैलगाडी जुंपली, गोंडपिपरीहून मोटार धरली, आणि कणगीतल्या तांदळावर कमळा चांद्याच्या दवाखान्यात राहून आली. ती परतल्याचं कळताच गिरजा टोपली घेऊन तिच्या घरी गेली. मासळी द्यायचं विसरून दारातच बसली आणि कमळाकडे बघत राहिली. कमळाचा चेहरा अजून पांढरट होता, पण पोर अंगावर पीत होतं.

कमळा अवघडली. "काऊन अशी पाहून राह्यलीस, बाई?"

"माहे तांदूळ पाहून राह्यली," गिरजा म्हणाली.

कमळाला आधी कळलंच नाही. कळल्यावर ती एवढी हसली की पोराच्या तोंडातून दूध सुटलं. तिनं ते पोर गिरजाच्या मांडीवर दिलं. त्या दिवसापासून दोघींचं जाणं-येणं सुरू झालं. घरी आल्यावर गिरजा इस्तारीला म्हणाली की तांदळाचं पोर चांगलं जड आहे. इस्तारीनं मान हलवली, पण मनातून त्यालाही ते आवडलं असावं, कारण पुढच्या बाजाराला त्यानंच तिला गाडग्याची आठवण केली.

उन्हाळा बरा गेला. तळं आटलं की मासे एका डबक्यात गोळा होतात आणि तळ्याकाठी हात पुरत नाहीत. आषाढ-श्रावणात धानाची रोपं लावायची, रोवण्याची मजुरी मिळाली, तीही धानातच. कठीण दिवस आले ते भादव्यात. तळं काठोकाठ भरलं, मासे खोल पाण्यात पांगले, इस्तारीचं जाळं दिवसभर टाकूनही हलकंच वर येई. रोवण्याचं धान संपलं होतं, नवं धान अजून पोटरीत होतं. गावात घरोघरी हिवतापानं माणसं कुडकुडत होती. घरातली पेज पातळ होत गेली. दोघं लेकरं भांड्याच्या तळाशी बोटं फिरवून चाटायची.

गिरजानं मूठ सोडली नाही. ती आधी मूठ काढायची, मग लेकरांना आणि नवऱ्याला वाढायची, आणि स्वतः खेकडे भाजून नाही तर कोचईची म्हणजे अळूची पानं शिजवून भागवायची. मले भूकच नाई, असं सांगायची. एक दिवस पाण्याची घागर उचलताना तिचे डोळे फिरले आणि ती काठावरच बसली. इस्तारी तळ्यातून हे पाहत होता. तो बाहेर आला, तिला धरून घरी आणलं, आणि चुलीमागं ठेवलेली मुठींची मडकी त्याच्या नजरेस पडली. तो रागावला नाही. मडकीतले तांदूळ त्यानं पाखडून भांड्यात ओतले आणि चूल पेटवली.

"तांदूळ दुसऱ्याचा ताप उतरवते ना? तं मंग आज तुह्या पोटातली भूक उतरू दे."

त्या दिवशी चौघं पोटभर जेवले. धाकटीला खाता खाताच झोप लागली. पुढच्या बाजाराला गिरजा पडवीकडे गेली नाही, त्याच्या पुढच्यालाही नाही. महिना उलटल्यावर कमळानं सांगितलं की तुमचं गाडगं पालथं झालं. ते सांगताना ती खाली बघत होती.

आश्विन लागला, पाणी निवळलं, आणि इस्तारीच्या जाळ्यात एक मोठा शिंगाडा आला. या माशाच्या कल्ल्यामागचा काटा विषारी. ढिवराला ते सांगावं लागत नाही, पण इस्तारी थकलेला होता आणि मासा घसरला. काटा उजव्या हाताच्या तळव्यात शिरून मोडला. त्यानं हळद भरून फडकं गुंडाळलं. दोन दिवसांत हात कोपरापर्यंत सुजला, बोटं काळपट दिसू लागली आणि ताप भरला. गिरजानं ताराबाईंकडे चला म्हटलं, तर तो भिंतीकडे तोंड करून पडला.

"मीच तांदूळ हांडीत टाकले. आता कोणत्या तोंडानं जाऊ?"

गिरजा एकटीच पडवीत गेली. ताराबाई तिच्यासोबत तशाच निघून आल्या. त्यांनी हात चिरून पू काढला, मोडलेला काटा ओढून काढला आणि गरम पाण्यानं धुतला. पण बाहेर आल्यावर गिरजाला हळूच सांगितलं की एवढ्यानं भागणार नाही. पेनिसिलीनच्या सुया लागतील, त्या चांद्याला मिळतील, आणि उशीर केला तर हात कापावा लागेल. सुयांचा खर्च कणगीतूनच निघू शकत होता, आणि कणगीचा नियम पंचांच्या हातात होता.

पंचांतल्या मनसारामनं लोकांना पडवीत बोलावलं. तो कठोर माणूस नव्हता. त्यानं गिरजाला समजावून सांगितलं की आज एकाला सोडलं तर पुढच्या भादव्यात कोणीच मूठ आणणार नाही, आणि ज्यांनी पोट मारून आणली त्यांच्यासाठी कणगीत काही उरणार नाही. गिरजा ऐकत होती. तिला ते पटलं, आणि पटल्यामुळेच तिला रडू येऊ लागलं. पण तिची नजर भिंतीलगतच्या गाडग्यांवर होती, आणि तिथं तिला काहीतरी दिसलं.

"मनसारामभाऊ, बरोबर बोलता तुमी. पण एक विचारू का? भादव्यात मूठ आणली कोणं?"

मनसारामनं मागं वळून पाहिलं. पालथी गाडगी आजवर एकेक करून झाली होती, म्हणून कुणी ती एकत्र पाहिलीच नव्हती. तळ्याकाठचं एकही गाडगं सुलटं नव्हतं. मजुरीवर जगणाऱ्यांचीही बहुतेक पालथीच होती. सुलटी होती ती धानवाल्यांची, आणि त्यांत मनसारामचं स्वतःचं. तो उठून भिंतीपाशी गेला, एक गाडगं उचलून कुणाचं ते विचारलं, मग दुसरं. म्हातारा वारलू, मजुरीवर जाणारा, पुढं येऊन म्हणाला की ते माझं, आणि मी लाजेनं सांगितलं नव्हतं. मग आणखी दोघं बोलली. आपल्यासारखंच शेजारच्या घरीही झालं, हे त्या दिवशी लोकांना पहिल्यांदा कळत होतं.

"खाणीवर दर महिन्याले पगार सारखा राह्यते," ताराबाई सावकाश म्हणाल्या. "मी तिथली रीत जशीच्या तशी इथी आणली. तांदूळ महिन्याले सारखा राह्यत नाई, हे माह्या ध्यानातच नाई आलं."

पत्रू तोवर उठून गेला होता. बोलणं चालू असतानाच त्याच्या गाडीची चाकं पडवीसमोर वाजली. कणगीचं तुम्ही काय ते ठरवा, म्हणाला, गाडी माझी आहे आणि बैल माझे आहेत. पोर काखेत घेऊन कमळाही मागून आली. गाडीत तणस अंथरून इस्तारीला झोपवलं. त्याला पंचांपुढून जायची लाज वाटत होती, म्हणून त्यानं डोक्यावरून धोतर ओढून घेतलं. मनसारामनं जवळ येऊन ते बाजूला केलं आणि हाताची सूज पाहिली. मग त्यानं कणगीचं तोंड उघडायला सांगितलं. कुणी नाही म्हटलं नाही.

चांद्याला सुया लागल्या. हात वाचला. गिरजा तिथंही नर्सला विचारत बसली की दंडात टोचलेली दवाई तळव्यात कशी पोचते. नर्सनं तिला तिच्याच मनगटाची नाडी दाखवली आणि रक्त दवाईला घेऊन अंगभर फिरतं म्हणाली. त्या दिवशी गिरजा इस्तारीची, स्वतःची आणि शेजारच्या बाजेवरच्या म्हातारीची नाडी पुन्हा पुन्हा धरून पाहत राहिली.

गावात परत आल्यावर नियम बदलला. ज्याच्याकडे धान पिकते त्यानं पौषात एकदम पायलीनं द्यायचं. तळ्याकाठच्यांनी उन्हाळ्यात, मासे डबक्यात आले की, झिंगे आणि मासोळी सुकवून द्यायची. मजुरांनी रोवण्याची मजुरी मिळेल तेव्हा द्यायचं. भादव्यात कोणाचीच मूठ नाही. हे सगळं एका बैठकीत ठरलं असं नाही, बरीच भांडणं झाली. सुक्या मासोळीचा वास पडवीत घुमतो म्हणून मनसारामची बायको पहिला उन्हाळाभर कुरकुरत होती. काही घरं सुटलीही. पण कणगी पुढं पुष्कळ वर्षं चालली, ताराबाईंची नजर अधू होऊन बाटल्यांवरची नावं वाचता येईनाशी होईपर्यंत.

इस्तारीची मात्र उजव्या हाताची दोन बोटं ताठच राहिली. जाळं धरता यायचं, फेकता यायचं नाही. माघात तळं उतरायला लागलं तरी तो घराच्या ओट्यावर बसून राही. ढिवरांच्या बायका मासळी विकत, सुकवत, पण जाळं फेकत नसत. एक दिवस गिरजा जाळं खांद्यावर टाकून गुडघाभर पाण्यात उतरली. इस्तारी काही म्हणेल म्हणून थांबली, पण तो उठून काठापर्यंत आला आणि म्हणाला, डावा पाय पुढं.

तिनं फेकलं. जाळं धोंड्यासारखं गोळा होऊन पाण्यात पडलं, अन् काठावरची बगळी उडून गेली. दुसऱ्यांदा अर्धं उघडलं. दुपारपर्यंत तिचे खांदे भरून आले आणि लुगडं छातीपर्यंत भिजलं. एकदा कसं कोण जाणे, जाळं तिच्या हातून सुटलं ते हवेत गोल पसरलं आणि सगळ्या कडांनी एकदम पाण्यावर टेकलं. ती तशीच उभी राहून बघत होती.

"हे वर जाऊन उघडते कसं? मी तं गोळाच फेकला."

इस्तारीनं जन्मभर जाळं फेकलं होतं. पण ते उघडते कसं, हे कधी पाहिलं नव्हतं. मग तो पाण्यात उतरून तिच्याजवळ आला, जाळ्याची दोरी डाव्या हातात घेतली आणि म्हणाला, "फेक अजून एकदा. पाहू दे मले."