शेठच्या पायाखालची जमीन

गेली सव्वीस वर्षं मी लोकांच्या घरात फरशा बसवतो. माझ्या फरशीवरून पाय घसरून पडलेल्या एका गिऱ्हाइकाने उठायच्या आधी फरशांच्या सांध्यांवरून बोट फिरवून माझी तारीफ केली होती. हे आत्ताच सांगून घेतो, कारण पुढे माझ्या कौतुकाला कुठेच जागा नाही.

मुलगी दहा दिवसांच्या प्रशिक्षणाला गेली आणि जाताना तिची पाल माझ्या गळ्यात मारून गेली. भिंतीवर फिरते ती फुकटची पाल नव्हे. पिवळी, ठिपकेदार, जाड शेपटीची, दुकानातून विकत आणलेली. आणि हिला भिंतीवर चढताही येत नाही. पोट पुढे, डोळे अर्धे मिटलेले, म्हणून घरात सगळे त्या जिवाला शेठ म्हणतात.

शेठ काचेच्या पेटीत राहतो. एका बाजूला ऊब देणारा दिवा, लपायला मडक्याचं खापर, पाण्याची बशी आणि खाली चक्क हात पुसायचा कागद. काचेवर मुलीने सूचना चिकटवल्या होत्या : ‘अळ्या एक दिवसाआड. पाणी रोज. खालचा कागद मळला तर दुसरा कागद. बाकी काही करू नका, बाबा.’ शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा.

त्या दोन रेघा मला झोंबल्या. फरशीवाल्याच्या घरातला जीव कागदावर झोपतो, हे चार लोकांना कळलं तर मी तोंड कुठे दाखवू?

“अहो, काही करू नका असं लिहिलंय ना तिने?” बायको म्हणाली.

“ते तिच्या बाबांना लिहिलंय. मिस्त्रीला नाही,” मी म्हणालो.

आमच्या कामात आधी वाळूचा थर, मग त्यावर फरशी. मी बारीक वाळू तीनदा चाळली, धुतली, उन्हात वाळवली आणि पेटीत दोन बोटं जाडीचा थर दिला. वर पाणसळ ठेवून बघितली, तर बुडबुडा बरोबर मधोमध. फरशी उद्या बसवू म्हटलं. दुसऱ्या दिवशी तो सपाट थर इतका देखणा दिसत होता की झाकायचं जिवावर आलं, म्हणून तसाच ठेवला. शेठ अळीवर झडप घालायचा तेव्हा अळीबरोबर तोंडभर वाळूही जायची. “बघ, कसा चवीने खातोय,” असं मी बायकोला कौतुकाने दाखवलंसुद्धा.

तिसऱ्या दिवशी शेठने अळीकडे पाहिलंही नाही. चौथ्या दिवशी पोट टणक लागलं आणि तो खापराखालून बाहेर येईना. मुलीचा फोन आला. “शेठ कसा आहे?”

“मजेत,” मी म्हणालो. खोटं बोलताना माझा आवाज जरा जास्तच खणखणीत निघतो.

फोन ठेवला आणि बायकोला घेऊन थेट जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी पोटाचा फोटो काढला आणि पडद्यावर दाखवला. माझी तीनदा चाळलेली वाळू शेठच्या आतड्यात गच्च बसली होती.

“आतडं तुंबलंय. जगेलच असं सांगता येत नाही,” त्या म्हणाल्या. “वाळू कोणी घातली?”

“एक मिस्त्री आला होता.”

“त्याला परत घरात घेऊ नका.”

“घरातच राहतो तो,” बायको म्हणाली.

औषधाचे थेंब दिले. दिवसातून दोनदा कोमट पाण्यात बसवायचं, पोटावरून अगदी हलकं बोट फिरवायचं, आणि खाली कागद. घरी येऊन मी वाळू काढली, कागद घातला आणि मुलीला फोन लावला. सगळं सांगितलं. मिस्त्री कोण तेही.

“कोमट म्हणजे किती, ते विचारलंत का?” तिने विचारलं.

“विचारलं.”

“मग बसवा त्याला. आणि यापुढे मजेत म्हणू नका, खरं सांगा.”

मी कामावर दांडी मारली. वाडग्यात शेठ आणि शेजारी मी. इतकं हलकं बोट फिरवायची सवय माझ्या हातांना नाही, त्यांना थापी कळते. शेठ मेला तर मुलगी मला काही बोलणार नाही, हे मला माहीत होतं, आणि त्याचीच जास्त भीती वाटत होती.

सातव्या दिवशी सकाळी कागदावर एक मळकट, वाळूदार ठिपका दिसला. मी बायकोला ओरडून हाक मारली. लोकांच्या दिवाणखान्यात संगमरवर बसवून मी कधी फोटो काढला नव्हता. त्या ठिपक्याचे मात्र चार काढले आणि मुलीला पाठवले.

ती परत आली तेव्हा शेठने तिच्या हातून एक अळी खाल्ली. ती पेटीसमोर बसून राहिली. मी बोलणी खायच्या तयारीने उभा होतो.

“चुकलं माझं,” मी म्हणालो. “पण कागद दिसला आणि राहवलं नाही.”

“कागद मी कायमचा घातलाच नव्हता, बाबा,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. “शेठ आणला त्याच दिवशी तुम्हाला पेटीचं माप लिहून दिलं होतं. खरखरीत फरशीचा एक तुकडा कापून द्या म्हटलं होतं, पाय घसरणार नाही आणि पोटातही जाणार नाही असा. तुम्ही म्हणालात, या आठवड्यात देतो. तोवर कागद होता.”

त्याला सात महिने झाले होते. सात महिन्यांत मी अकरा घरांच्या फरशा केल्या होत्या. पाकीट उघडलं, तर चिठ्ठी आतच होती, घडीवर झिजून दोन तुकडे झालेली. आकडे मात्र स्वच्छ वाचता येत होते.

“उद्या केलंत तरी चालेल,” मुलगी म्हणाली. “दमला असाल.”

मी मागच्या दारी गेलो, उरलेल्या मालातून एक खरखरीत काळी फरशी काढली आणि कटर लावला. कडा घासून गोल करण्यासकट मला चार मिनिटं लागली.