सातवा बार

आकारामने ताट हातात क्षणभरही राहू दिलं नाही. भाकरीच्या तुकड्यांकडे न बघता त्याने ते शेजारच्या आप्पासोंच्या मांडीवर जवळजवळ आदळलंच. एक तुकडा सतरंजीवर पडला. म्हाताऱ्याने तो उचलून तोंडात टाकला.

"गड्या, अजून किती वर्सं?"

"तुमी खावा की. मला कशाला शिकवताय?"

वडूजच्या त्या पत्र्याच्या प्रार्थनामंदिरात दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असायचं, येशूच्या आठवणीत सगळ्यांनी एकाच ताटातला भाकरीचा घास घ्यायचा, आणि नऊ वर्षं आकाराम ते ताट असंच पुढे ढकलत होता. नऊ वर्षांपूर्वी विहिरीच्या खोदाईवर सुरुंगाचे सात बार भरले होते. वाती पेटवायच्या, लांब पळायचं आणि आवाज मोजायचे. मोजणारा आकाराम. सात झाले, असं म्हणून त्याने बावीस वर्षांच्या ज्ञानूला खाली उतरवलं. त्यातला एक आवाज समोरच्या डोंगरावरून परत आलेला होता. खरा सातवा ज्ञानूच्या पायाखाली उडाला.

तेव्हापासून जो तो त्याला समजवायचा. तुझी काय चूक, डोंगराने फसवलं. प्रभूने सगळं धुऊन टाकलंय. ऐकून आकारामच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. यांच्या बापाचं काय गेलंय धुवायला? मनात पाप असताना त्या भाकरीला हात लावायचा नाही, एवढं त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. शिवाय समोर बायकांच्या बाजूला ज्ञानूची आई बसलेली असायची. तिच्या देखत कोणत्या तोंडाने खायचं?

आज तीच उठली. मधली मोकळी जागा ओलांडून रंगुबाई पुरुषांच्या बाजूला आली आणि तिने आप्पासोंच्या मांडीवरचं ताट उचललं. उपासना चालवणारे पाळक एक पाऊल पुढे आले आणि तिथेच थांबले.

"घे," ती म्हणाली.

"न्हाई मावशी. तुमच्या म्होरं मला..."

"माज्या म्होरं काय? मी कवा शिव्या दिल्या तुला?"

"न्हाई दिल्या, म्हणून तर."

"द्यायच्या हुत्या. लय द्यायच्या हुत्या." तिच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता. "मनात डूख धरून ह्याला हात लावायचा न्हाई, ठावं हाय न्हवं? मग दर म्हैन्याला आदल्या शनवारी मी काय करत आसंन? लेकाच्या फोटूम्होरं गुडघं टेकून तुजं नाव घेती. जिभंवर येत न्हाई, तरी घेती. दात-ओठ खाऊन तुला माफ करती, तवा हितं येऊन हा घास घेती. आनि तू ताट ढकलून देतूस. माजी माफी तुला सोंग वाटती व्हय रं?"

"मी मारलंय त्येला!" आकाराम ओरडला. पत्रा घुमला.

"व्हय. तूच मारलंस."

नऊ वर्षांत हे कुणी त्याला म्हटलं नव्हतं. आकारामचे खांदे एकदम खाली आले. आता ती आणखी काहीतरी बोलेल म्हणून तो वाट बघत राहिला. तिने फक्त ताट तसंच पुढे धरलं होतं.

त्याने तुकडा उचलला. तोंडात टाकला आणि हळूहळू चावून गिळला. तोवर रंगुबाई जागची हलली नाही. मग तिने ताट त्याच्या हातात दिलं.

"आता मला दे."

त्याने ताट दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरलं. रंगुबाईने एक घेतला. तिच्या कपाळावरची आठी होती तशीच होती. माघारी बायकांच्या बाजूला न जाता ती तिथेच, त्याच्या शेजारी खाली बसली. आप्पासो थोडे सरकले.